रेहानाला आणायला, घाटापलीकडे

मंगळवार, ता. ८ मे १९३४. म्हसळे

उद्या निघायचं ठरलं. रेहानाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे बोलायला नकोच. तिच्या सासूचं पाचगणीहून कार्ड आलं आहे — "मुलगी आपलीच, कधीही न्या." कधीही न्या म्हणजे लवकर न्या. कार्डं वाचायला मी उशिरा शिकलो, पण नीट शिकलो.

दुपारभर मोटारीखाली होतो. झुबेदा म्हणाली, "मालक झालात तरी लोळणं सुटलं नाही." खरं आहे. पंधरा वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत तेल घातलं. इंजिनचं दुखणं मला माणसाच्या दुखण्याआधी ऐकू येतं. आता दोन मोटारी माणगावच्या फेरीवर पळतात आणि ही तिसरी घरची — महाडच्या एका पारशी डॉक्टरकडून घेतलेली. हूड फाटका. आवाज मात्र गोड.

मनात आणखी एक काम आहे. गोदूआय. पोलादपूरच्या पुढे, कापडे गावाच्या वरच्या वाडीत असते म्हणून गाडीवान सांगतात. माझी आई मी आठ दिवसांचा असताना गेली. बाप गलबतावर. शेजारच्या गोदू कुणबिणीने आपल्या भागोजीबरोबर मलाही अंगावर घेतलं म्हणून हा करमअली आज वही घेऊन बसला आहे. तिचा नवरा येसाजी मुकादमांची खाडीकाठच्या खाजणातली शेती करायचा. मुकादम म्हणजे झुबेदाचे अब्बा. पुढे मी पाच वर्षांचा असताना मामाने मला दिघीला नेलं. येसाजी वारला तशी गोदूआय मुलाला घेऊन माहेरी गेली. दर ईदेला लुगडं पाठवतो. तोंड बघून तीस वर्षं झाली. आता तिच्या दारावरून जायचं आणि उतरायचं नाही?

झुबेदाला सांगितलं. म्हणाली, "येताना थांबू. जाताना नको, रेहाना वाट बघत बसेल."

बरं म्हटलं. पण मी जातानाच थांबणार. बायकोला बरं म्हणायचं आणि स्टिअरिंग आपल्या हातात ठेवायचं!

बुधवार, ता. ९ मे. महाड

घोणशाच्या घाटात बहावा काय फुललाय! झाडाला पान म्हणून नाही, नुसते पिवळे घोस. झुबेदाने बुरख्याची जाळी वर केली आणि मान बाहेर काढून बघत राहिली. मग म्हणाली, "दर वर्षी हे असं होतं आणि आपण म्हसळ्यात बसून असतो." मी म्हटलं, आता मोटार आहे, दर वर्षी दाखवीन. म्हणाली, "आधी मोटार घाट चढू दे."

माणगावच्या नाक्यावर माझ्याच फेरीच्या मोटारीची वाट बघत दोघे बसले होते. मला ओळखलं नाही. एक म्हणाला, "करमअलीची मोटार वेळेवर येत न्हाय." दुसरा म्हणाला, "पर येते. दुसऱ्याची येतच न्हाय." उतरून त्याला पानसुपारी द्यावीशी वाटली.

महाडला मुक्काम. उकाडा असा की अंगाला सदरा नकोसा झाला. पाचाला निघायचं.

गुरुवार, ता. १० मे. पाचगणी

पोचलो. रेहाना बरी आहे. पाय सुजलेत, पण हसते आहे. जावई रफिक दारातच उभा होता. सगळं ठीक.

सगळं ठीक असं लिहिलं खरं. पण ठीक नाही. सकाळी जे ऐकलं ते लिहावं की नाही याचा दिवसभर विचार केला. लिहितो. ही वही माझ्याशिवाय कोण वाचतं.

पोलादपूर सोडलं, कापडं गेलं. पुढे रस्त्याकडेला एक मोठं जांभळीचं झाड आहे, तिथून वाडीची वाट. मी मोटार थांबवली. झुबेदा म्हणाली, "येताना ठरलं होतं ना?" मी म्हटलं, इंजिन तापलंय, दहा मिनिटं लागणारच आहेत. इंजिन तापलेलं नव्हतं. तिला कळलं असणार. म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. मी इथेच सावलीत बसते." बस म्हटलं.

चढण थोडीच. भागोजी रानात गेलेला. गोदूआय पडवीत बसली होती. डोळे गेलेत जवळजवळ. सत्तरीच्या पुढची, गुडघे सुजलेले. कोण हाय म्हणाली. मी नाव सांगितलं. तिने हात पुढे केला, माझ्या तोंडावरून फिरवला आणि कान धरले.

"करम्याच. ह्ये सुपाएवढं कान दुसऱ्या कुनाचं न्हाईत."

मला रडू आलं. ते लपवायला मी बडबड केली. मोटारी किती, रेहानाला कितवा महिना, काय काय. तिने भाकरी खा म्हणून सांगितलं, मी खाल्ली. मग म्हणाली, "आन् बायकू कोनाची केलीस? मला कुनी धड सांगितलंच न्हाय."

"मुकादमांची. झुबेदा."

गोदूआयने मांडीवर थाप मारली. "मुकादमाची झुबी? अरं मंग घरच्या घरातच की! ती बी माज्याच अंगावर प्याली हाय!"

मला वाटलं, चुकून बोलतेय. म्हातारं माणूस. मी म्हटलं, झुबेदा कशी असेल गोदूआय, ती मोठ्या घरची.

"मोठ्या घरची म्हनून तर मागल्या दारानं! माजी धाकली पोर गेली त्या सालाला. सतरा दिसांची. दूध दाटून माजाच जीव चालला हुता. तिकडं मुकादमीण तापानं पडलेली, पोरगी भुकेनं काळीनिळी. मला निरोप आला, ये. मी गेले. मुकादमीण म्हनाली, गोदू, कुठं बोलू नगस, कुळाच्या बायकूचं दूध मुकादमाच्या लेकीला म्हनून लोक हसतील. म्या कशाला बोलते? आता तुला सांगते, तू काय परका हायस?" आणि हसली. तोंडात दोन दात. "दोगंबी माजीच. एका घरात नांदताय. द्येवानं बगितलं म्हनायचं!"

तिला ठाऊक नाही. तिला ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्यांच्यात असं काही नसतं. आमच्यात एका बाईच्या अंगावर दोघं वाढली की ती दोघं भाऊ-बहीण. सख्खी असावीत तशी. त्यांचा निकाह होत नाही.

माझा निकाह झाला त्याला बावीस वर्षं झाली.

खालून हॉर्न वाजला. झुबेदाने कधी आयुष्यात हॉर्नला हात लावला नव्हता. मी उठलो. गोदूआय म्हणाली, "तिला आन की हितं. माजं गुडगं धड ऱ्हायलं असतं तर म्याच आले असते." येताना आणतो म्हणून सांगितलं. वाट उतरताना दोनदा ठेच लागली.

झुबेदाने विचारलं, "कशी आहे?" बरी आहे म्हटलं. "काय म्हणाली?" भाकरी दिली म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही.

मग आंबेनळी. लोक मुद्दाम बघायला येतात तो घाट. मला आठवतं ते असं — वळण, वळण, खाली दरी, करवंदाच्या जाळ्या, समोर प्रतापगड उन्हात धुतल्यासारखा. आणि शेजारी ती बसलेली. तिचा हात सीटवर, माझ्या हातापासून चार बोटांवर. मी हात उचलून मांडीवर ठेवला. मग एका हाताने गाडी वळेना म्हणून परत चाकावर.

निम्म्या घाटात झुबेदा ओरडली, "अहो, वाफ!" पंख्याचा पट्टा तुटून मैलभर झाला असेल. पाणी उकळून झाकणातून उडत होतं. मला काही ऐकू आलं नव्हतं. मला! ती म्हणाली, "कान गेले का तुमचे?" दोरखंडाचा पट्टा करून वर आलो.

शुक्रवार, ता. ११ मे. पाचगणी

जुम्म्याची नमाज झाल्यावर मशिदीत थांबून राहिलो. इथले मौलवी आपल्याच दापोलीकडचे, वयस्क. मी म्हटलं, एका ओळखीच्या माणसाचा मसला आहे.

"ओळखीचा माणूस इथे आहे का?"

"खाली कोकणात."

"बरं. सांगा."

सांगितलं. नावं नाहीत. मला एक पळवाट सुचली होती, ती आधी काढली. "बाई आपल्यातली नव्हती, मौलवीसाहेब. कुणबीण होती." मुकादमांच्या घरीही असंच धरलं असणार. शेतावरच्या बाईचं दूध म्हणजे गाईचं दूध. त्यात नातं कसलं. नाहीतर मुकादमीण मला जावई करून घेताना बोलली नसती का?

मौलवी म्हणाले, "दुधाला धर्म नसतो, करमअलीशेठ. जिने पाजलं ती आई."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. आपण शाफई पंथाचे. आपल्यात पाच वेळा धरतात. पाच वेगळ्या वेळा, पोरगं पोट भरून आपणहून सोडील असं. दोन वर्षांच्या आतलं. चार वेळा असेल तर नातं लागत नाही.

"आणि कितीदा ते ठाऊक नसेल तर?"

"शंकेवर निकाह मोडत नाही."

"ठाऊक झालं तर?"

"त्या घडीला संपला. तलाकसुद्धा लागत नाही."

"मूल?"

"मुलाला डाग नाही. आई-बापाला माहीत नव्हतं."

"आणि ती बाई? ती कुठे जाणार?"

"कुठे कशाला जाईल? बहीण ना त्याची. पडदा नाही. एका छपराखाली राहा, एका ताटात जेवा. फक्त नवरा-बायको नाही."

मी मान डोलावली. यावर जास्त लिहीत नाही.

उठताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "त्या माणसाला सांगा, घाई करू नको. आणि जेव म्हणावं. त्याने कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

शनिवार, ता. १२ मे

रेहाना म्हणाली, "अब्बा, अम्मीकडे असं काय बघताय? पाहुणी आल्यासारखं."

रविवार, ता. १३ मे. पाचगणी

रफिकने टेबल लॅन्डवर नेलं. वर सपाट, चहूकडे डोंगर, खाली कृष्णेचं पात्र चकाकत होतं. बायका पुढे चालल्या होत्या. झुबेदा रेहानाच्या कमरेला हात लावून, दगड बघून, "इथे नको, इथे पाय दे" करत. मी मागे राहिलो आणि सगळा हिशेब मनात लावला.

आकडा एकट्या गोदूआयला ठाऊक. मुकादमीण मेली. झुबेदाला काही ठाऊक असणं शक्य नाही, ती तेव्हा पाळण्यात. मला ठाऊक आहे ते एवढंच की पाजलं. एकदा? दोनदा? ताप दोन दिवसांतही उतरतो. चारपर्यंत मी तिचा नवरा आहे. विचारलं नाही तर शंका राहील, आणि शंकेवर मोडत नाही. मौलवींनी स्वतः सांगितलं.

म्हणजे न विचारणं एवढंच काम आहे. आयुष्यात मी इतकं सोपं काम केलेलं नाही.

धंद्यात मी दुसऱ्याला हसतो. घाबरट माणूस इंजिनात आवाज आला तर झाकण उघडत नाही, म्हणतो चालतंय ना. तोच मी आज.

पण काय करू? मी कोण होतो. आईबाप नसलेला, तेलाने काळा झालेला खलाशी, आणि मुकादमांच्या ओट्यावर स्थळ विचारायला माझा मामा गेला तेव्हा लोक हसले होते. आतून झुबेदाने निरोप पाठवला — चालेल म्हणावं. पहिली मोटार घेतली ती चौथ्या दिवशी म्हसळ्याच्या खाडीत गेली. मी काठावर डोकं धरून बसलो. ही आली, चिखलात रुतलेली मोटार बघितली आणि इतकी हसली की पदर तोंडात धरला. मग ओढायला आलेल्या तेवीस माणसांना भात आणि सुकटीचं कालवण करून वाढलं. त्या तेवीसांतले निम्मे आजही दुसऱ्याच्या मोटारीत बसत नाहीत.

तिला बहीण म्हणू? कोणत्या तोंडाने? आणि गावात काय सांगू? रेहानाच्या सासरी? अडीच-तीन महिन्यांत तिचं मूल येईल.

ठरलं. उद्या जांभळीखाली थांबायचं नाही. गोदूआयला आणतो म्हणालो होतो, ते खोटं पडेल. ईदेला दोन लुगडी पाठवीन.

हे लिहिलं आणि माझीच शिसारी आली. तरी ठरलं ते ठरलं.

सोमवार, ता. १४ मे. महाड

सकाळी निघालो. रेहाना मागे, पाठीला तक्क्या. झुबेदा पुढे. महाबळेश्वरच्या बाजारात झुबेदाने मोटार थांबवायला लावली, आत गेली, कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. विचारलं नाही. मी सध्या विचारण्याच्या भानगडीत पडत नाही.

उतार लागला. दुसरा गिअर, ब्रेकवर पाय. करवंदं विकायला बसलेल्या कातकरी बाईकडून रेहानाने द्रोण घेतले. तिचे ओठ काळे झाले. लहानपणी व्हायचे तसे. झुबेदा वळून म्हणाली, "पुरे. रात्री पोट धरून बसशील." मला वाटलं, हे असंच घरापर्यंत जाऊ दे. फक्त घरापर्यंत.

कापडं जवळ आलं. जांभूळ दिसली. मी ब्रेकवरचा पाय काढला.

झुबेदा म्हणाली, "थांबवा."

"पुढे थांबू. पाणी पुढे मिळेल."

"पाणी नको. इथेच."

"रेहानाला उन्हात—"

"रेहाना सावलीत बसेल. थांबवा."

बावीस वर्षांत हा आवाज मी दोन-तीनदा ऐकला आहे. थांबवली. रेहानाला झाडाखाली सतरंजी टाकून दिली. झुबेदाने ते कागदातलं बगलेत घेतलं आणि मला न विचारता वाट धरली. मी मागून. वाटेत एकदा म्हटलं, "तिला नीट दिसत नाही. काहीबाही बोलते. मनावर घेऊ नको." ती मागे वळली नाही.

पडवीत गोदूआय तशीच बसली होती. झुबेदाने बुरखा काढून खुंटीला लावला, जशी काही रोजची खुंटी. समोर बसली. मग त्या म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आय, मी झुबी."

गोदूआयने तिचे केस चाचपले. कपाळ, नाक, हनुवटी. तिला हुंदका फुटला. "आलीस व्हय? चाळीस दिस पाजलं तुला माज्या पोरीचं दूध. चाळीस वर्सांनी आलीस."

चाळीस दिवस.

मी उंबऱ्यात उभा. चौकट धरली. चार नाही, पाच नाही. रोजचं धरलं तर — मोजायची गरजच नव्हती. मी झुबेदाकडे बघितलं. आता तिला कळलं, आता ती दचकेल, आता काय बोलायचं, हेच डोक्यात.

ती दचकली नाही. तिने डोकं उचललं नाही. तिथूनच, मांडीवरूनच, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्या तोंडावर धक्का कुठेच नव्हता.

कागदात लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं. तिने स्वतःच्या हाताने गोदूआयच्या खांद्यावर घातलं. परत येताना रेहानाने विचारलं, "कोण आजी?" झुबेदा म्हणाली, "माझी आई."



बुधवार, ता. १६ मे. म्हसळे

आज रेहाना दुपारची झोपली तेव्हा झुबेदाने सांगितलं. गोदूआयने पाजल्याचं मुकादमिणीने मरतानाच तिला सांगून टाकलं होतं. रेहाना तेव्हा चार महिन्यांची. त्याच आठवड्यात झुबेदाने आपलं अंथरूण रेहानाच्या खोलीत नेलं — पोर झोपत नाही म्हणाली होती. ते तिथेच राहिलं. वीस वर्षं. या वहीत मी त्याविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही, लाज वाटायची. मला वाटायचं, माझ्या अंगाला इंजिनखोलीचा वास येतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी मला अब्बांकडे पोचवून आला असतात. मला इथे राहायचं होतं."

मग सुपातला खडा काढून बाजूला ठेवला.